वाचक विचारतात : तुकडा बारका, झोत मोठा

या वेळच्या पत्रांत एकाच मशीनचं नाव फिरून फिरून आलंय, स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे नमुना कुठल्या रंगाचा प्रकाश किती सोडतो नाहीतर परत पाठवतो ते मोजणारं मशीन. कुणी बेळगावच्या कॉलेजातनं लिहिलंय, कुणी वडगावच्या मागावरनं, एक पत्र खानापूरचं, एक निपाणीच्या सराफाचं. धंदे वेगळे पण रडगाणं एकच, नमुना नखाएवढा आणि मशीनचा झोत त्याच्यापेक्षा मोठा, मग आकडे येतात ते खरे की खोटे. म्हणून म्हटलं सगळे प्रश्न एकत्रच घेऊया, बाकीचे पुढच्या अंकात.

प्रश्न : सर, मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, बेळगाव. काचेच्या स्लाइडवर झिंक ऑक्साइडची फिल्म केलीय, जाडी अंदाजे ५०० नॅनोमीटर, पण स्लाइड फुटली आणि हातात ५ बाय ५ मिलिमीटरचा तुकडा राहिला. ट्रान्समिशन (आरपार गेलेला प्रकाश) घेतलं तर ३५० नॅनोमीटर वेव्हलेंग्थला शून्याजवळ यायला पाहिजे ते २० टक्क्यांवरच अडकून बसतंय. फिल्म खराब झाली असेल का?

उत्तर : फिल्मला लगेच दोष देऊ नका. आधी एक करा, तोच ग्राफ २८० नॅनोमीटरला बघा. तिथं झिंक ऑक्साइड राहू दे, नुसती साधी काचच जवळपास सगळा प्रकाश अडवते. तिथंपण २० टक्केच दिसत असतील तर तो प्रकाश तुमच्या तुकड्यातनं आलेलाच नाही, बाजूनं आलाय. पागोळीखाली फुलपात्र धरायचं आणि अंगणातलं सगळं पाणी त्यातूनच आलं म्हणायचं, तसं झालंय हे. मशीन बिचारी डिटेक्टरवर जेवढा प्रकाश पडला तेवढा मोजते, तो कुठल्या वाटेनं आला ते तिला काय माहीत.

नमुन्याच्या जागी झोत केवढा असतो ते मॉडेलवर आहे, पण बऱ्याच मशीनमध्ये रुंदी १ ते ३ मिलिमीटर आणि उंची १० मिलिमीटरच्या आसपास. तुमचा तुकडा ५ मिलिमीटर उंच, मग वरून-खालून प्रकाश जाणारच की. झोत डोळ्यांनी बघता येतो, वेव्हलेंग्थ ५५० वर लावा, स्लिट (मशीनमधली प्रकाशाची फट) मोठी करा, खोलीतले दिवे घालवा आणि नमुन्याच्या जागी पांढऱ्या कागदाचा कपटा धरा, हिरवी उभी पट्टी दिसेल, तिच्या कडा पेन्सिलीनं आखून ठेवा. बरीच पोरं दोन वर्षं मशीन वापरतात आणि ही पट्टी एकदापण बघत नाहीत, हे मला खरंच पटत नाही.

गळती किती महागात पडते त्याचा हिशोब करूया. समजा नमुना खरोखर ०.१ टक्का प्रकाश सोडतो, म्हणजे ॲब्सॉर्बन्स ३ (आरपार येणारा प्रकाश दहापटीनं घटला की हा आकडा एकानं वाढतो). बाजूनं फक्त १ टक्का गळाला तर मशीनला दिसणार १.१ टक्के, म्हणजे ॲब्सॉर्बन्स १.९६. तीनाचा दोन झाला एवढ्याशा फटीनं. आणि उलटपण आहे, जिथं नमुना ८०-९० टक्के सोडतो तिथं हीच गळती डोळ्यात भरत नाही, म्हणून ग्राफचा वरचा भाग चांगला दिसतोय यावर भरवसा ठेवू नका, खालचा भाग बघायचा असतो.

उपाय म्हणजे मास्क. पातळ पत्र्याची पट्टी, मधोमध २ किंवा ३ मिलिमीटरचं भोक, भोकाची कड पातळ आणि साफ पाहिजे, आतून चकाकणारी जाड नळी नको. उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याला चित्र काढून दिलं तर करून देईल, त्यासाठी परदेशी ॲक्सेसरी मागवायची गरज नाही. तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी निदान १ मिलिमीटर मोठा पाहिजे. आणि आता मुद्द्याची गोष्ट, बेसलाइन (नमुना नसतानाची १०० टक्क्यांची रेघ) घ्यायची ती मास्क लावूनच, आणि घेतल्यावर मास्कला हात लावायचा नाही. मास्क होल्डरला पक्का स्क्रूनं, तुकडा त्याच्यावर क्लिपनं, काढायचा-घालायचा तो तुकडाच. मास्कसकट नमुना काढला आणि परत बसवला तर भोक केसभर सरकतं आणि १०० टक्क्यांची रेघच सरकते, मग तुम्ही नमुना मोजताय की तुमचा हात मोजताय कळत नाही.

मग गळतीची परीक्षा. तुकड्याच्याच मापाचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा कापून त्या जागी लावा. फॉइलमधून काहीच जात नाही, तेव्हा वाचन सरळ शून्य यायला पाहिजे. ०.५ आलं तर ०.५ गळतंय. याला दोन मिनिटं लागतात, पण रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं असलं की परीक्षकाला पुढं विचारायला काही राहत नाही.

मास्क लावला की प्रकाश कमी होणार, ते धरूनच चाला. २ बाय १० चा झोत म्हणजे २० चौरस मिलिमीटर, २ मिलिमीटरचं भोक त्यातलं सोडतंय ३.१४, म्हणजे अंदाजे सहावा हिस्सा. ग्राफ खरखरीत होतो. तेवढीच स्वच्छ रेघ पाहिजे तर प्रत्येक पॉइंटला वेळ सहापट द्या, किंवा स्लिट वाढवा, पण स्लिट वाढवली की बारीक शिखरं पुसली जातात हे ध्यानात ठेवा. तुमच्या फिल्मला ४ नॅनोमीटरची स्लिट चालेल, फ्रिंज (फिल्मच्या दोन पृष्ठभागांवरनं परतलेल्या प्रकाशामुळं ग्राफवर उठणाऱ्या लाटा) दाटीनं असतील तर मात्र नको. डबल बीम मशीन (दोन झोतांची, एक नमुन्यातनं आणि एक तुलनेसाठी) असेल तर रेफरन्सच्या, म्हणजे तुलनेच्या बाजूलापण तसलाच मास्क किंवा जाळी लावा, नाहीतर एक बाजू भरलेली आणि एक बाजू उपाशी, अशात मशीनचा तोल जातो.

बारक्या भोकाचा एक फायदापण सांगतो, कुणी सांगत नाही. फिल्मची जाडी सगळीकडं सारखी नसते, मोठ्या झोतात जाड-पातळ भागांच्या फ्रिंज एकमेकींत मिसळून सपाट होतात, २ मिलिमीटरच्या भोकातनं त्या उठून दिसतात आणि त्यावरनं जाडी काढणं सोपं जातं. झोत लेन्सनं बारीक करणारं कंडेन्सर मिळतं, पण नमुना १ मिलिमीटरच्या खाली गेला तरच त्याचा विचार करा.

प्रश्न : आमचे वडगावात माग आहेत. गिऱ्हाईक जुन्या साडीच्या काठाचा अंगठ्याएवढा तुकडा आणून देतंय आणि म्हणतंय असाच रंग पाहिजे. डायिंगवाल्याच्या कलर मॅचिंग मशीनवर लावला की दरवेळी आकडा वेगळा. आणि पांढऱ्या सुताचं रिफ्लेक्टन्स १०८ टक्के दाखवतंय! पडल्या त्यापेक्षा जास्त प्रकाश परत कसा येईल? मशीन फसवतंय का?

उत्तर : दादा, मशीन फसवत नाही, १०८ बरोबरपण असू शकतंय. पांढऱ्या सुतावर ऑप्टिकल ब्राइटनर मारलेला असतो, तो डोळ्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पितो आणि ४४० नॅनोमीटरच्या आसपास निळा म्हणून बाहेर टाकतो. कलर मॅचिंगची मशीन नमुन्यावर सगळा पांढरा प्रकाश एकदम टाकते आणि परत आलेला नंतर वेगळा करते, त्यामुळं हा जादाचा निळा तिच्या हिशोबात १०० च्या वर दिसतो. यूव्ही फिल्टर आत घालून परत मोजा, आकडा शंभराखाली उतरला तर ब्राइटनर आहे हे नक्की. जुन्या काठात ब्राइटनर नसेल आणि तुमच्या नव्या सुतात असेल तर दुकानातल्या ट्यूबखाली जुळेल आणि उन्हात नेलं की वेगळं दिसेल, गिऱ्हाइकाचं भांडण तिथनंच सुरू होतंय.

आता आकडा दरवेळी का बदलतो. या मशीनना खिडकी बदलता येते, मोठी २५-३० मिलिमीटरची, बारकी ८ च्या आसपास आणि काहींना ३-४ मिलिमीटरचीपण. तुमचा तुकडा अंगठ्याएवढा असला तरी त्यातला एकाच रंगाचा भाग केवढा ते बघा, जरतार शेजारी आली तर मशीन सूत आणि जरतार दोघांची सरासरी देणार. खिडकी रंगाच्या भागापेक्षा लहानच पाहिजे. आणि खिडकी बदलली की पांढऱ्या टाइलवर आणि काळ्या ट्रॅपवर (प्रकाश गिळणारी डबी) कॅलिब्रेशन पुन्हा करायचं, हे डायिंगवाले घाईत हमखास सोडतात. काही मशीनमध्ये प्लेट बदलली तरी आतली लेन्स हातानं सरकवावी लागते, ती तशीच राहिली तर प्रकाश प्लेटच्या कडेवर पडतोय आणि सगळे रंग कमी-जास्त येतात.

पातळ कापड एकपदरी लावू नका, मागचं दिसतंय त्यातनं. घड्या घाला, पदर वाढवूनपण आकडा बदलेनासा झाला की बास. तुकडा एवढाच असेल आणि घडी पडत नसेल तर मागं नेहमी एकच पांढरी टाइल ठेवा आणि नव्या सुताचा तुकडापण तसाच एकपदरी त्याच टाइलवर मोजा, खरा आकडा नसला तरी तुलना खरी होईल. सुटं सूत असेल तर कार्डाच्या पट्टीवर एकाला एक चिकटून, सारख्या ताणानं गुंडाळा. मग एकदा उभं, एकदा ९० अंश फिरवून असं चार वेळा मोजून सरासरी घ्या. रेशमावर दिशेचा फरक मोठा पडतो, ते चकाकतंय म्हणूनच तर रेशीम आहे.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातली, जांभ्याच्या लाल मातीवर प्रोजेक्ट करतेय. मातीतला एक वेगळा लाल थर निवडून काढला, चिमूटभरच निघाला. रिफ्लेक्टन्स कसं घ्यायचं? गाइडनी काळा मास्क लावायला सांगितलंय, पण ९०० नॅनोमीटरच्या पुढं सगळंच उजळ दिसायला लागलं.

उत्तर : ताई, तुमच्या गाइडनी बरोबर सांगितलं, फक्त काळ्या मास्कचा काळेपणा डोळ्यापुरता निघाला. काळं ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम, काळं कापड, काळा दोरा, यांत रंग म्हणून जे डाय असतात ते बहुतेक दिसणाऱ्या प्रकाशापुरते काळे, नीअर इन्फ्रारेडमध्ये (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) त्यांतनं प्रकाश आरपार जातो आणि खालचं ॲल्युमिनियम चमकतं. कार्बनचा काळा पाहिजे. कार्बन ब्लॅकचा मॅट रंग मिळतो तो लावा. दिव्याची काजळी याहून सरस, इन्फ्रारेडमध्येपण काळीच राहते, पण ती झडते आणि पांढऱ्या गोळ्यात पडली तर गोळा वाया, म्हणून घरी करून बघायला ठीक, मशीनमध्ये नको.

गोळा म्हणजे इंटिग्रेटिंग स्फिअर, आतून पांढरा, त्याच्या भोकावर माती लावायची आणि सगळीकडं उडालेला प्रकाश गोळा करायचा. भोक मोठं आणि माती चिमूटभर, म्हणून मास्क. पण कितीही काळा केला तरी मास्क थोडा प्रकाश परत पाठवतोच, तो वजा केल्याशिवाय आकडा खरा नाही. तीन वाचनं घ्या. मास्कमागं काहीच नाही, प्रकाश गिळणारा ट्रॅप, समजा ६ आले. मास्कमागं पांढरा रेफरन्स (ज्याचं रिफ्लेक्टन्स आधीच माहीत आहे असा पांढरा तुकडा), समजा ७०. मास्कमागं माती, समजा २२. आता २२ मधनं ६ गेले १६, ७० मधनं ६ गेले ६४, १६ भागिले ६४ म्हणजे ०.२५, त्याला पांढऱ्याच्या स्वतःच्या रिफ्लेक्टन्सनं गुणायचं, तो ९८ टक्के असेल तर उत्तर २४.५ टक्के. हेच न वजा करता सरळ २२ भागिले ७० केलं असतं तर ३१ च्या वर गेलं असतं. गडद नमुन्यात हा फरक जास्त मारतो, आणि आपली माती गडदच. ट्रॅपसाठी दाढीच्या ब्लेडची चळत घट्ट बांधून धारेची बाजू प्रकाशाकडं करा, चमकदार ब्लेडची धार समोरून काळीकुट्ट दिसते, प्रकाश आत गेला की त्या फटींतनं परत येत नाही.

माती वाळवून, सगळे नमुने एकाच चाळणीतनं घ्या. जितकी बारीक दळाल तितकी फिकी दिसणार, माती तीच असली तरी. ओली राहिली तर १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचे खड्डे दिसतात, आणि आपल्याकडं जुलैमध्ये बाटली उघडी राहिली की माती लगेच दमट होते. २-३ मिलिमीटर खोल खाचेत भरा, वर क्वार्ट्‌झचं झाकण ठेवणार असाल तर पांढऱ्यावरपण तसलंच झाकण. थर पुरेसा जाड आहे का ते बघायला मागं एकदा काळं, एकदा पांढरं लावा, आकडा बदलला नाही की झालं.

आणि एक, हेमॅटाइटमुळं (लोखंडाचं लाल खनिज) रिफ्लेक्टन्स ५५० च्या पुढं एकदम चढतो, लाल रंग त्यानंच येतो, आणि ८६० च्या आसपास एक उथळ दरी पडते. आता गंमत बघा, बऱ्याच मशीनमध्ये डिटेक्टर आणि ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारा भाग) बदलतात तेपण ८०० ते ९०० च्या दरम्यानच, आणि नमुना बारका असला की नेमकी तिथं पायरी पडते. ती पायरी लोखंडाची दरी म्हणून प्रोजेक्टमध्ये घालू नका. नुसता पांढरा रेफरन्स त्याच मास्कमधून मोजा, तिथंपण पायरी दिसली तर ती मशीनची.

प्रश्न : निपाणीत आमचं सराफीचं दुकान आहे. मुलगा म्हणतोय की कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हिरा खरा का खोटा कळतंय. खरं का?

उत्तर : शेठ, थोडंफार कळतंय, पण शिक्का मारण्याएवढं नाही. पैलू पाडलेला हिरा झोतात धरला तर प्रकाश आरपार येतच नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, आतून खालच्या पैलूवर २४.४ अंशांपेक्षा तिरका पडलेला प्रकाश तिथनंच आत परततो, पैलू त्यासाठीच तसे पाडलेले असतात. मग मशीन म्हणणार ट्रान्समिशन ३ टक्के, आणि तुम्ही म्हणणार हिरा काळा. असा खडा इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये ठेवूनच मोजावा लागतो. बऱ्याच नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनमुळं ४१५ नॅनोमीटरला बारीक रेघ दिसते, दिसली तर चांगली खूण, पण नाही दिसली म्हणून लॅबमधला ठरत नाही, बिननायट्रोजनचे नैसर्गिक हिरेपण असतात. माणकात ४१० आणि ५५० ला रुंद पट्टे आणि ६९४ ला लाल झळक, पण भट्टीतल्या माणकातपण क्रोमियम तेच, त्यामुळं हे सगळं तिथंही दिसणार. गिऱ्हाइकाला लिहून द्यायचं असेल तर जेमॉलॉजीच्या लॅबकडं पाठवा.

प्रश्न : चिकोडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. एलईडी दिव्याच्या दुधी प्लास्टिकचा १० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाड तुकडा मोजला. स्फिअरवर रिफ्लेक्टन्स ४८, ट्रान्समिशन ३७, बेरीज ८५. प्लास्टिक पांढरंशुभ्र आहे, मग १५ टक्के प्यायलं कोण?

उत्तर : सर, प्यायलं कुणीच नाही, किंवा प्यायलं असलं तर थोडंसंच. बाकीचा कडेनं पळाला. दुधी प्लास्टिकमध्ये शिरलेला प्रकाश आत चारी दिशांना उडतो, काही मिलिमीटर आडवा सरकतो आणि मग बाहेर पडतो, काही तुकड्याच्या कडेतनं आणि काही पोर्टच्या (स्फिअरचं भोक) रिंगच्या मागं. स्फिअरला तो दिसतच नाही, मग तो ॲब्सॉर्प्शनच्या खात्यात जमा होतो. असले ॲब्सॉर्प्शनचे आकडे पेपरातपण छापून येतात, वाचताना जरा नमुन्याची जाडी आणि पोर्टचं माप बघत जा.

इथं वरच्या मास्कच्या सल्ल्याची उलटी बाजू आहे. झोत बारका पाहिजेच, पण पोर्ट मोठा पाहिजे. मास्क नमुन्याच्या अलीकडं, प्रकाश येतो त्या बाजूला, २ मिलिमीटरचा ठिपका तुकड्याच्या मधोमध पडेल असा, आणि पलीकडं पोर्ट तुकडा धरवेल तेवढा मोठा. रिफ्लेक्टन्सला झोत स्फिअरच्या आतनं येतो, तिथं पोर्टवर बारका मास्क लावलात तर नुकसान वाढेल, तिथं झोतच आधी बारीक करावा लागतो. तुकड्याच्या कडेला नळाची पांढरी टेफ्लॉन टेप बऱ्याच थरांची गुंडाळा, ती जाड झाली की चांगला पांढरा आरसा होते आणि कडेनं पळणारा प्रकाश आत ढकलते. बेरीज ८५ वरनं चढली तर चोर सापडला. आणि हाच तुकडा पातळ, म्हणजे १ मिलिमीटरचा करता आला तर कडेची गळती आपोआप कमी होईल.

बेरीज शंभराच्या वर जाणारेपण भेटतात. तिथं बहुतेक वेळा रेफरन्सच्या रिफ्लेक्टन्सनं गुणायचं राहिलेलं असतं, किंवा सिंगल बीम स्फिअरमध्ये ट्रान्समिशन घेताना आधी उघड्या असलेल्या पोर्टवर पांढरा नमुना लावला की गोळ्याची स्वतःची उजेड साठवायची ताकद वाढते आणि त्याची दुरुस्ती केलेली नसते.

आधी मशीन आणि मास्क तपासायला साधी मायक्रोस्कोपची स्लाइड घ्या, तुमच्या तुकड्याच्याच मापाची कापा. काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला तर एका पृष्ठभागावरनं ४.३ टक्के परत येतात, दोन्ही बाजू आणि आतल्या येरझाऱ्या धरून रिफ्लेक्टन्स ८.२ आणि ट्रान्समिशन ९१.८. हे ५५० नॅनोमीटरच्या आसपास तपासा, १००० च्या जवळ नको, साध्या काचेतलं लोखंड तिथं थोडा प्रकाश खातं. स्लाइडची बेरीज ९९ ते १०० आली तर मशीन, मास्क सगळं ठीक आणि १५ टक्क्यांचा हिशोब प्लास्टिकच्या कडेला विचारायचा. स्लाइडचीच ९५ आली तर आधी झोत कुठल्या कडेवर घासतोय ते कागदाचा कपटा धरून बघा.